कापसाचा भाव आणि शहराचे मत

बातमी वाचून झाली की तिच्यावर आपले मत द्यावे, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. बातमी नव्या यंत्राची असो, एखाद्या कंपनीच्या शेअरचा भाव चढल्याची असो, की दूरदेशीच्या लढाईची असो; आपणांस त्यातले किती कळते याचा हिशेब न करता आपण निकाल देऊन मोकळे होतो. पूर्वी असे निकाल देवळाच्या पारावर, चर्चच्या आवारात किंवा न्हाव्याच्या दुकानात लागत. आज ते हातातल्या मोबाईलवर लागतात. अशी मते बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु मुंबई शहराने एकदा असेच एक मत चार वर्षे उराशी बाळगले आणि त्याची किंमत त्या शहराबाहेरच्या माणसांनाही मोजावी लागली. ती हकिकत आज सांगावयाची आहे.

1861 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या बव्हंशी अमेरिकेतील दक्षिणेच्या कापसावर चालत, आणि तो कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, तेव्हा इंग्लंडची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात आणि धारवाड येथील कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. धारवाड-हुबळीकडचा माल घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात येई आणि तेथून मुंबईस जाई. या युद्धकाळात मुंबईच्या पदरात नेहमीच्या उत्पन्नाहून सुमारे आठ कोटी पौंड अधिक पडले, असा अंदाज पुढे मांडण्यात आला.

एवढा पैसा स्वस्थ बसत नाही. 1865 च्या जानेवारीत मुंबईत 31 बँका, 16 वित्तसंस्था, 20 विमा कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या 8 कंपन्या नांदत होत्या. टाउन हॉलसमोरच्या झाडांखाली जमणाऱ्या दलालांची संख्या साठावरून दोनशे-अडीचशेवर गेली होती. बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात पोचला होता. जी जमीन अजून समुद्राच्या पाण्याखाली होती तिच्यावर लोक घरेदारे गहाण टाकीत होते. वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त शुभवर्तमानात आहे. येथे तर पायाखाली वाळूही नव्हती.

त्या काळी युरोपची टपाल आगबोटीने येई. सुएझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला, त्यामुळे टपालाला वाटेत इजिप्तची भूमी ओलांडावी लागे आणि बातमी पोचण्यास आठवड्यांमागून आठवडे लागत. बाजाराचे अग्रणी प्रेमचंद रायचंद हे बंदरात बोट लागण्यापूर्वीच आपली होडी समुद्रात धाडून लिव्हरपूलचे भाव काढवीत, असे सांगतात. पुढे इराणच्या आखातातून तारेची दोरी टाकण्यात आली आणि 1865 च्या प्रारंभी मुंबईचा युरोपशी तारायंत्राने संबंध जुळला. वाटेत शब्दांची मोडतोड होई, दिवसही मोडत. तरी महिन्याची वाट काही दिवसांवर आली. वेगाने बातमी मिळाली म्हणजे मनुष्य शहाणा होतो, असे मानणाऱ्यांनी पुढे काय घडले ते पाहावे.

युद्ध संपत आल्याच्या बातम्या मुंबईला मिळतच होत्या. 1864 च्या सप्टेंबरात उत्तरेच्या फौजांनी अटलांटा घेतले, डिसेंबरात सव्हाना घेतले. त्याच सुमारास तहाच्या नुसत्या वदंतेने लिव्हरपूलला कापसाचे भाव घसरले होते. हे सारे वर्तमानपत्रांत येत होते. तथापि बाजाराचे मत एकच होते, की लढाई अजून चालेल. ते बातमीवरून बनलेले नव्हते. ज्याच्या वखारीत गासड्या होत्या आणि तिजोरीत शेअर होते त्याच्या इच्छेतून ते उपजले होते. आणि ती इच्छा कशाची होती? सहस्रावधी तरुण मरत राहावेत, चाळीस लाख गुलामांच्या बेड्या आणखी काही काळ न तुटाव्यात, याची. मुंबईतील मंडळी क्रूर नव्हती; त्यांच्यात दानशूर पुष्कळ होते. परंतु आपल्या मताच्या पोटात काय दडले आहे, हे त्यांनी उघडून पाहिले नाही.

9 एप्रिल 1865 रोजी सेनापती ली शरण गेला. जगाने ज्या शांततेबद्दल देवाचे आभार मानले, तीच मुंबईच्या बाजारात आकांताचे कारण ठरली. कापूस कोसळला. 1 जुलै 1865 रोजी शेअरचे असंख्य वायदे पुरे करण्याची मुदत भरली, आणि देणारा व घेणारा दोघेही हात वर करून उभे राहिले. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर 2,850 रुपयांवर गेला होता, तो 87 रुपयांना विकण्याची पाळी आली. ती बँकच 1868 मध्ये गुंडाळली गेली.

मुंबई सावरली. प्रेमचंदशेठच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा 1878 मध्ये पुरा झाला व तो आजही वेळ सांगतो. परंतु खेड्यांत काय झाले? तेजीच्या दिवसांत सावकाराने शेतकऱ्याला मागेल तेवढे कर्ज दिले होते. मंदी येताच त्याने हात आखडला आणि जुन्या खतांचा तगादा लावला. त्यातच 1867 पासून सरकारने सारा वाढविला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली आणि दंग्याचे लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोचले. या दंग्यांना कापसाची मंदी कितपत कारण झाली याविषयी इतिहासकारांत वाद आहे. तथापि आटलेली पत आणि वाढलेला सारा यांच्या कात्रीत शेतकरी सापडला होता, हे स्पष्ट आहे. त्याने बॅक बेचा एकही शेअर घेतला नव्हता आणि लिव्हरपूलची तारही वाचली नव्हती.

श्रोतेहो, आज जगाच्या पाठीवर कोठेही तोफ उडाली तरी क्षणार्धात आपणांस कळते, आणि दुसऱ्या क्षणी सोने, तेल व शेअर यांचे भाव हलतात. मत देण्यास कोणाची मनाई नाही. ते स्वतंत्र नागरिकाचे भूषणच होय. मात्र मत देण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे मी बातमीवरून म्हणतो आहे, की माझ्या लाभावरून? आणि माझे म्हणणे चुकले तर ते कोणाच्या शेतात, कोणाच्या घरात जाऊन पडेल? 1865 मध्ये मुंबईला बातम्यांची उणीव नव्हती. हे दोन प्रश्न तेवढे कोणी विचारले नाहीत.