मिसूरी प्रारूप
अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील, नातेसंबंधांवर उभी असलेली बालन्यायाची पद्धत. बूनव्हिलचे मोठे, हिंसाचारासाठी कुप्रसिद्ध सुधारगृह १९८३ मध्ये बंद झाले आणि मुले घराजवळच्या लहान केंद्रांत आली. दहा-बारा जणांचा गट एकत्र राहतो, शिकतो. कुणी भडकला की सगळे काम थांबवून गोल करून उभे राहतात आणि बोलतात. दाखल झाल्यापासून सुटकेनंतरपर्यंत मुलाची जबाबदारी एकाच कार्यकर्त्याकडे असते. माझ्या मते इमारतीच्या आकारापेक्षा हे सातत्य अधिक मोलाचे. ही पद्धत म्हणजे निव्वळ लाड, असा आक्षेप घेतला जातो. पण ओळखीच्या माणसांसमोर रोज आपल्या कृत्याचा जाब देणे, कोठडीत गप्प पडून राहण्यापेक्षा अवघडच. यश मोजले जाते ते सुटलेली मुले पुन्हा गुन्हा करतात का यावरून; पण पुन्हा गुन्हा केला असे कधी म्हणायचे, हे प्रत्येक राज्य वेगळे ठरवते. त्यामुळे यशाचे आकडे जपूनच वाचावेत.