ड्रिल रॉड कपलिंग : पेटंटमधील उघडपणाचा वाद

खडकात छिद्र पाडणारे रॉड जोडण्यासाठी आटेदार कपलिंग वापरतात. त्यात केलेला बदल हा खरा शोध आहे, की जाणकाराला सहज सुचणारी, म्हणजे ‘उघड’ सुधारणा, यावरून होणारा हा कायदेशीर वाद.

टॉप हॅमर पद्धतीत ठोका वर मशीनपाशी बसतो आणि रॉडमधून तळाच्या बिटापर्यंत पोहोचतो. दोन रॉडची टोके कपलिंगच्या आत एकमेकांना भिडतात आणि आटे त्यांना आवळून धरतात. आर३२, आर३८ हे गोलसर ‘रोप’ आटे आणि टी३८, टी४५, टी५१ हे समलंब छेदाचे आटे सर्वत्र रूढ आहेत. जोड सैल राहिला तर आटे तापून झिजतात, फार आवळला तर सुटत नाही. तडा बहुतेक वेळा आट्याच्या तळाशी सुरू होतो. तिथली गोलाई वाढवली की ताण कमी होतो, हे कोणत्याही यंत्ररचनाकाराला ठाऊक असते. तेवढ्याच बदलावर मिळवलेले पेटंट टिकणे कठीण. गोलाई आणि आट्याचा कोन यांच्या मेळातून अनपेक्षित परिणाम साधला, तर मात्र पारडे फिरते.

बोअरवेलच्या डीटीएच (डाऊन-द-होल) पद्धतीत हातोडा छिद्रातच उतरतो. तिथे रॉडचे आटे फिरकी पोहोचवतात, ठोका नव्हे. त्यामुळे डीटीएचचा जुना जोड दाखवून टॉप हॅमरचे कपलिंग उघड ठरवणाऱ्याला, एका कामातला उपाय दुसऱ्या कामात का सुचला असता, हे सिद्ध करावे लागते.

उघडपणाबाबतचा भारतातील मूळ निवाडा भांड्यांच्या धंद्यातला आहे. मिर्झापूरच्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात, लेथवर भांडे धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये रद्द ठरवले. निव्वळ कारखान्यातली सुधारणा पुरेशी नाही, असा त्याचा गाभा. अमेरिकेत २००७च्या केएसआर खटल्यात गाडीच्या पेडलबाबत असाच कस लागला.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या लेथवाल्यांसाठी यात मोलाची गोष्ट आहे. पेटंट कायदा, १९७०च्या कलम ६४(१)(एफ)नुसार शोध उघड आहे का हे ठरवताना छापील साहित्याबरोबर भारतात आधीपासून उघडपणे होणारा वापरही मोजला जातो. म्हणजे वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात अग्रक्रम तारखेपूर्वी (साधारणपणे पेटंटच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपूर्वी) घडवून उघडपणे विकलेले कपलिंगही पुरावा ठरू शकते. उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याची उलट मागणी केली, की कलम १०४नुसार तो दावा उच्च न्यायालयात जातो. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर पेटंट मिळण्याआधी कोणालाही विरोध नोंदवता येतो.

तेव्हा जुने ड्रॉइंग आणि चलन तारखेसह जपून ठेवावे. रद्दीत टाकू नये.