लातूरची वाघीण

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूर स्टेशनात एक मालगाडी येऊन थांबली. तिला टाक्यांच्या दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पाणी कृष्णेचे होते. आदल्या दिवशी मिरजेहून निघून ३४२ किलोमीटरचा प्रवास करून ते आले होते. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून प्रशासनाने कलम १४४ लावून जमावबंदी केली होती. तहान लागलेल्या माणसांनी घागर घेऊन एकत्र जमणे हाच गुन्हा ठरावा, अशी ती वेळ होती.

गाडीचे नाव 'जलदूत' होते. त्या दिवसांत तिच्याविषयी पुष्कळ छापून आले आणि श्रेयाचे राजकारणही झाले. ज्या वाघिणीतून पाणी आले, तिच्याविषयी मात्र फारसे कुणी लिहिले नाही. हा लेख तिच्याविषयी आहे.

'वॅगन' या इंग्रजी शब्दाची आपल्याकडे 'वाघीण' झाली. मालगाडीच्या अमुक इतक्या वाघिणी घसरल्या, अशी बातमी आपण सहज वाचतो आणि पुढे जातो. वाघिणींतही प्रकार असतात. कोळशाची उघडी, धान्याची बंद, आणि पेट्रोल, डिझेल, रॉकेल वाहणारी लांबट गोल टाकीची. लातूरला आली ती या तिसऱ्या प्रकारची. तिचा जन्म पाण्यासाठी झालेला नव्हता. ती तेलाची लेक होती.

या टाकीची गोष्ट अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सुरू होते. तिथे १८५९ मध्ये खनिज तेलाची विहीर लागली आणि तेल बाजारापर्यंत न्यायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. लाकडी पिंपे गळत, फुटत आणि महागही पडत. १८६५ मध्ये अ‍ॅमॉस आणि जेम्स डेन्समोर या भावांनी रेल्वेच्या सपाट वाघिणीवर दोन मोठी लाकडी पिंपे उभी बसवली आणि त्यांतून तेल नेले. पुढच्या वर्षी त्यांना पेटंट मिळाले. पण उभ्या पिंपांमुळे वाघिणीचा तोल राहत नसे. म्हणून थोड्याच वर्षांत त्यांची जागा आडव्या लोखंडी टाकीने घेतली. आज आपण रुळांवर जी टाकी पाहतो, तिचा मूळ आकार तोच आहे.

हे तेल आपल्याकडे आले ते दिव्यासाठी. 'रॉक ऑइल'चे आपण 'रॉकेल' केले. सुरुवातीला ते पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून यायचे, आणि ते डबे लाकडी खोक्यांत भरून जहाजावर चढवत. १८९२ मध्ये मार्कस सॅम्युअल यांचे 'म्युरेक्स' हे जहाज बाटुमीचे रॉकेल थेट टाक्यांत भरून सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले. बाटुमीच्या बंदरापर्यंत हे तेल बाकूहून रेल्वेच्या टाक्यांतूनच येत असे. जहाजाने खर्च वाचला, पण एक अडचण निघाली. आशियातल्या गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा होता! रिकाम्या डब्याचे छप्पर होई, चाळण होई, चूल होई. शेवटी तेलवाल्यांना इथे येऊन डबे तयार करावे लागले.

आपल्याकडे त्या रिकाम्या डब्याचे काय व्हायचे, हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. वरचा पत्रा कापायचा, आडवी लाकडी दांडी ठोकायची, आणि घासलेटचा डबा पाण्याचा डबा व्हायचा. आधी राखेने, सोड्याने कितीही घासला तरी पहिले काही दिवस पाण्याला वास यायचाच. तेलाचे भांडे पाण्याला लावणे ही आपली जुनीच युक्ती आहे. २०१६ मध्ये रेल्वेने तीच युक्ती मोठ्या भांड्यावर केली.

ते भांडे किती मोठे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. भारतीय रेल्वेवर तेलासाठी वर्षानुवर्षे धावत आलेली नेहमीची टँक वाघीण 'बीटीपीएन' या नावाने ओळखली जाते. तिची टाकी सुमारे ७० हजार लिटरची आहे. लातूरच्या वेळी मात्र दर वाघिणीत साधारण ५४ हजार लिटर पाणी, असा आकडा जाहीर झाला. मग उरलेली जागा कुठे गेली? उत्तर वजनात आहे. या वाघिणीला साधारण ५४ टन माल उचलता येतो. पेट्रोल पाण्यापेक्षा बरेच हलके, त्यामुळे टाकी जवळपास भरली तरी वजन हद्दीत राहते. पाण्याचा लिटर म्हणजे किलो. ५४ हजार लिटर झाले की चाके आणि आस पुरे म्हणतात. म्हणजे तेलासाठी बांधलेल्या अशा टाकीत पाणी भरताना वरचा पाव भाग रिकामा सोडावा लागतो.

तेलाच्या वाघिणीचे आयुष्य तसे एकसुरी असते. रिफायनरीत किंवा डेपोत मोठ्या मांडवाखाली तिची रांग उभी राहते. वरचे झाकण उघडून नळीने तेल सोडतात. विजेची ठिणगी उडू नये म्हणून तारेने तिला जमिनीशी जोडतात. पूर्ण काठोकाठ भरत नाहीत, कारण उन्हाने तेल फुगते. मग झाकणाला सील लागते आणि गाडी निघते. वाफेच्या इंजिनांच्या काळात निखारा उडून येण्याची भीती असे, म्हणून इंजिन आणि टाक्या यांच्यामध्ये वेगळ्या वाघिणी जोडत. मुक्कामी पोचल्यावर खालच्या झडपेतून तेल उतरवतात आणि रिकामी वाघीण पुन्हा उलटी फिरते. आपल्या नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळच्या पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. मुंबईहून तिथवर नळवाहिनी आल्यावर त्या वाटेवरचे वाघिणींचे काम नळाने घेतले.

या कामातला सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे टाकी आतून साफ करणे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भयंकर, असे या धंद्यातली माणसे सांगतात ते खोटे नाही. आत तेलाची वाफ कोंडलेली असते. माणूस उतरला तर गुदमरतो, ठिणगी पडली तर भडका उडतो. म्हणून आधी वाफ सोडून टाकी धुवायची, हवा खेळवायची, आत वायू उरला नाही ना हे तपासायचे आणि मगच झाकणातून माणूस उतरवायचा. त्या वेळीही वर एकाने उभे राहायचे. लातूरसाठी हे काम राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात झाले. पिण्याचे पाणी जाणार म्हणून टाक्या वाफेने धुतल्या गेल्या. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या लोखंडाजवळ वाफेची नळी धरून कुणीतरी उभा होता, म्हणून लातूरच्या घागरीत पाणी पडले.

आता गाडी ज्या वाटेने आली त्या वाटेविषयी. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर ही सगळी वाट मुळात 'बार्शी लाइट रेल्वे'ची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने ती अडीच फुटी रुळांवर उभी केली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. वारकऱ्यांची, शेंगांची आणि कापसाची ही छोटी गाडी. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे रुंदीकरण झाले. ते रेंगाळले असते, तर ८१ टनांची भरलेली वाघीण या मार्गावर आलीच नसती. लातूरचे पाणी कुर्डुवाडीलाच अडले असते. दुष्काळात नेत्यांच्या भाषणांपेक्षा रुळांमधले अंतर कधीकधी जास्त महत्त्वाचे ठरते.

दहा वाघिणींवरून पुढे गाडी पन्नास वाघिणींची झाली. मिरजेत पाणी भरण्यासाठी जलवाहिनी टाकली गेली आणि एका फेरीत २५ लाख लिटर येऊ लागले. आकडा मोठा वाटतो. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. म्हणजे पहिल्या गाडीचे पाणी माणशी सव्वा लिटरच्या आसपास आणि पन्नास वाघिणींचे साडेसहा लिटर. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हवे, असे सरकारी मापदंड सांगतो. शिवाय गाडीतले पाणी विहिरीत उतरवून, शुद्ध करून, पुन्हा टँकरने वस्त्यांत न्यावे लागे. पाऊस आल्यावर ऑगस्टमध्ये गाडी थांबली. तिने शहराची तहान भागवली असे म्हणणे जास्तीचे होईल. शहर उठून जाऊ नये एवढे तिने पाहिले.

आपल्या देशात हे पहिल्यांदा झाले नव्हते. १९८६ मध्ये राजकोटला रेल्वेने पाणी नेले होते. शेवटचेही नव्हते. २०१९ च्या जुलैमध्ये जोलारपेट्टईहून चेन्नईला अशाच पन्नास वाघिणी गेल्या.

मी या वाघिणीकडे एका जुन्या परंपरेतून पाहतो. आपल्या गावांत पखालीने पाणी वाहणारे भिस्ती होते. कातड्याची पखाल पाठीवर किंवा रेड्यावर घालून ते घरोघर पाणी देत. 'भिस्ती' हा शब्द 'बिहिश्त' म्हणजे जन्नत या फार्सी शब्दावरून आला. तहानलेल्याला पाणी देणारा तो जन्नतचा माणूस, असा त्या नावातला भाव. १५३९ मध्ये चौशाच्या लढाईत हरलेल्या हुमायूनला गंगेत बुडताना एका भिस्त्यानेच पखालीच्या आधाराने वाचवले, हे आपण शाळेत ऐकलेले असते. मुहर्रममध्ये आपण सबील लावतो, ती करबलाच्या तहानेची आठवण म्हणून. याच मराठवाड्यात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकीला म्हणजे औरंगाबादला नहर आणली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात खेळवले. पाणी आणणे हे आपल्याकडे राज्यकर्त्याचे कर्तव्य होते आणि सामान्य माणसाचा सवाबही.

पण या परंपरेतले आपण जपले काय? नहर आणि पनचक्की दगडाची आहे म्हणून थोडीफार उरली. पखाल कातड्याची होती, ती गेली. ती वाहणारे भिस्तीही आडनावांपुरते उरले. आता पाळी लोखंडाची आहे. रेल्वेची संग्रहालये पाहा. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उघडले, नागपूरला नॅरोगेजचे संग्रहालय २००२ मध्ये झाले. लोक तिथे जातात ती इंजिने आणि राजेरजवाड्यांचे डबे पाहायला. त्यांचे कौतुक मलाही आहे. पण मालवाघिणीपुढे उभे राहून कुणी फोटो काढत नाही. तिचे वय झाले की गॅस कटरने तुकडे करून ती भंगारात जाते आणि तिचे पोलाद दुसऱ्याच कशात तरी वितळते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जलदूतच्या वाघिणींपैकी एक तरी लातूरला कायमची ठेवावी. ती शोधणे अवघड नाही. भारतीय रेल्वेच्या प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यानंतरचे दोन बांधणीच्या वर्षाचे. कोणती वाघीण कुठे आहे याची नोंद रेल्वे ठेवतेच. २०१६ च्या गाडीचे क्रमांक कागदांत सापडतील, आणि त्यातली एखादी भंगाराच्या यादीत येईल तेव्हा ती मागून घेता येईल. उशीर केला तर यादी संपलेली असेल.

ठेवायची ती कशी, हेही महत्त्वाचे. टाकी आधी पुन्हा एकदा वायुमुक्त करावी, आत ओल राहून गंज चढणार नाही हे पाहावे, झाकण आणि झडपा पक्क्या बंद कराव्यात, म्हणजे एखादे पोर आत उतरणार नाही. रुळाच्या छोट्या तुकड्यावर, छपराखाली ती उभी असावी. वरून चकचकीत रंग फासू नये. तिच्या अंगावर रंगवलेले रिकामे वजन, क्षमता, शेवटच्या दुरुस्तीची तारीख, कारखान्याची खूण, ही तिची कागदपत्रे आहेत. रंगाच्या हौसेत ती पुसली गेली तर उरेल ती नुसती टाकी. शेजारी एक फलक असावा आणि त्यावर नेत्यांऐवजी कोट्याला ती धुणाऱ्या, मिरजेला भरणाऱ्या आणि लातूरला उतरवून घेणाऱ्या माणसांची नावे असावीत.

कुणी म्हणेल, हे आपल्या नामुष्कीचे स्मारक कशाला? नामुष्की आहे म्हणूनच. धरणाच्या पाण्यावर उसाचे मळे उभे करून शहर कोरडे ठेवण्यापर्यंत आपण गेलो होतो, आणि एका पावसात ते विसरूनही गेलो. पाऊस चांगला झाला की दुष्काळावरच्या समित्या, अहवाल आणि ठराव फडताळात जातात. २७ टनांची वाघीण फडताळात मावत नाही. स्टेशनात जाता-येता ती दिसत राहील, आणि बोट धरून चाललेले मूल विचारील, ही तेलाची गाडी इथे का उभी आहे? त्याला खरे उत्तर देणे मोठ्यांना भाग पडेल.