येरळेची वाळू कोणाची?

साताऱ्याकडील खटाव तालुक्यांत उगम पावून सांगली जिल्ह्यांत ब्रह्मनाळपाशीं कृष्णेस मिळणारी येरळा ही दुष्काळी मुलुखाची नदी. उन्हाळ्यांत तिचें पाणी वाळूच्या पोटांत टिकतें. वाळू गेली कीं कांठच्या विहिरी आटूं लागतात. परंतु १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें नदीचें पात्र सरकारी ठरविलें, आणि १९६६ च्या महाराष्ट्र संहितेनेंहि तेंच तत्त्व पुढें चालविलें.

१९८० नंतरच्या दशकांत खानापूर तालुक्यांतील बलवडी व तांदुळवाडी या गांवांनीं मुक्ति संघर्ष चळवळींतून ह्या तत्त्वास आव्हान दिलें. वाळूचा बेसुमार उपसा थांबवावा, मोजकीच वाळू गांवानें विकावी, त्या पैशांतून धरण बांधावें आणि भूमिहीनांसहि पाण्याचा वांटा द्यावा, ही त्यांची मागणी. त्यांतूनच बळीराजा धरण उभें राहिलें.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींकडे सोंपवावयाच्या विषयांत लघुसिंचन व जलव्यवस्थापन घातलें. वाळूसारख्या गौण खनिजांस मात्र त्या यादींत स्थान नाहीं. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें लहान खाणपट्ट्यांसहि पर्यावरण-मंजुरी आवश्यक ठरविली, हें इष्टच झालें. पण ती मंजुरी देणारी सत्ता गांवाबाहेरचीच. पाणी राखण्याचा भार एकाकडे व तें धरून ठेवणारी वाळू विकण्याचा अधिकार दुसऱ्याकडे, ही वांटणी आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. ज्यांच्या विहिरी आटावयाच्या, त्यांचा शब्द लिलावापूर्वीं ऐकिला जावा.