कोरेगावचा स्तंभ ते अहिल्यानगरचे रणगाडे : सैनिकांच्या स्मृतीचा इतिहास

लढाईत पडलेल्या माणसाची आठवण दगडात कोरून ठेवण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी असून, गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात आजही दिसणारे वीरगळ हे तिचे सर्वांत ओळखीचे रूप आहे. वीरगळ म्हणजे एकावर एक चौकटी असलेली स्मृतिशिळा. तिच्या तळाशी धारातीर्थी पडलेला वीर, मधल्या चौकटींत लढाई आणि वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यांच्या वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य अशी तिची मांडणी बहुधा असते. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे आणि ती तेराव्या शतकातील शिलाहार व यादव यांच्या संघर्षाची असल्याचे अभ्यासक मानतात. बहुतेक वीरगळांवर नाव नसते, त्यामुळे वीराची ओळख गावाच्या तोंडी परंपरेतच टिकून राहिली आणि जिथे ती परंपरा तुटली तिथे शिळेला शेंदूर लागून तिचा देव झाला. स्मारक उभारणारा एक असतो, परंतु त्याला अर्थ देणारे लोक पुढे त्याच्याभोवती जमत राहणारे असतात, ही गोष्ट महाराष्ट्रातील सैनिकी स्मारकांच्या पुढच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात वारंवार दिसते.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठच्या कोरेगाव येथे कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील सुमारे ८०० सैनिकांच्या तुकडीने दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या फौजेविरुद्ध दिवसभर गाव धरून ठेवले आणि जनरल स्मिथ याची फौज येत असल्याच्या शंकेने पेशव्यांचे सैन्य माघारी गेले. या तुकडीत मुंबई इलाख्याच्या देशी पायदळाची एक पलटण, मद्रासचे थोडे गोलंदाज आणि पुण्यात नव्याने उभारलेले घोडदळ होते. पायदळातील शिपायांत महारांची संख्या मोठी होती, तरी मराठे, मुसलमान आणि इतर जातींचे शिपाईही त्यात होते. १८२१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने भीमेच्या दुसऱ्या तीरावर, पेरणे गावच्या हद्दीत, विजयस्तंभाचा पाया घातला. कंपनीचा हेतू आपल्या सत्तेची ग्वाही देण्याचा होता. मात्र तिने स्तंभावर मृत आणि जखमी शिपायांची नावे कोरली आणि त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार शिपायांची अनेक नावे आली. ज्या समाजव्यवस्थेत या माणसांना नावाने ओळखण्याचीही गरज वाटत नव्हती, तिच्या काळात ती नावे सरकारी दगडावर आली, हे त्या स्तंभाचे खरे ऐतिहासिक महत्त्व आहे.

हे महत्त्व सर्वप्रथम ओळखले ते निवृत्त सैनिकांनी. कोकणातील दापोलीच्या लष्करी छावणीच्या आसपास निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या महार सैनिकांची वस्ती एकोणिसाव्या शतकात आकाराला आली. ही माणसे पलटणीच्या शाळांतून लिहायला-वाचायला शिकलेली, नियमित पेन्शन मिळवणारी आणि परप्रांत पाहिलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच वर्तुळातले. १८९०च्या दशकाच्या आरंभी, काही जातीच जन्मतः लढवय्या असतात या तत्कालीन लष्करी समजुतीमुळे, महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा दापोलीचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पूर्वजांची लष्करी सेवा हा अशा अर्जांचा मुख्य आधार होता आणि त्या सेवेचा डोळ्यांना दिसणारा पुरावा भीमेच्या काठी उभा होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी स्तंभाला भेट दिली आणि तेथे जमण्याच्या प्रथेला नवे बळ मिळाले. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली होती. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावच्या स्तंभाची आकृती घेण्यात आली. साम्राज्याने स्वतःसाठी उभारलेला दगड माजी सैनिकांच्या तीन पिढ्यांनी आपल्या हक्काचा दस्तऐवज बनवला. दरवर्षी १ जानेवारीला तेथे लोटणारा जनसमुदाय पाहता, महाराष्ट्रात एखाद्या लष्करी स्मारकाभोवती इतका मोठा लोकमेळा दुसरीकडे भरत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र स्मरणाची सरकारी रीत मागे गेली. ज्या गावांतून मोठी भरती झाली होती तेथे इंग्रज सरकारने छोट्या शिळा बसवल्या. गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि त्यांपैकी किती मरण पावली, एवढे दोन आकडे बहुधा त्यांवर असतात, नावे नसतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली आणि घरटी सैनिक देण्याच्या परंपरेमुळे ‘मिलिटरी’ हा शब्द गावाच्या नावालाच चिकटला. इराकमधील बसरा येथील विशाल स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. त्यात ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, भारतीय शिपायांचा मात्र पलटणीनिहाय केवळ आकडा देण्यात आला. युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने या विषमतेची जाहीर कबुली २०२१ मध्ये दिली. कोरेगावला १८२१ च्या सुमारास जे सुचले होते, ते शंभर वर्षांनी बसऱ्याला सुचले नाही, ही बाब केवळ कागदपत्रांच्या अडचणींनी समजावून सांगता येणार नाही.

बसऱ्याच्या त्या आकड्यांत मराठी मुलखातील शिपायांचा वाटा मोठा होता. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी इराकमधील कुत येथील वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत गेल्या. त्याच आघाडीवर, ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस, टायग्रिस नदीकाठच्या शरकत येथे ११४ व्या मराठा पलटणीने निकराची झुंज दिली आणि एकाच लढाईत २८ शौर्यपदके मिळवली. १९२२ च्या पुनर्रचनेत हीच पलटण रेजिमेंटची प्रशिक्षण पलटण झाली. बेळगावचे आजचे मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर, म्हणजे नव्या जवानांना घडवणारे रेजिमेंटचे मुख्य ठाणे, तिचाच वारसा सांगते. म्हणूनच शरकतचे युद्धस्मारक तेथे आहे. रेजिमेंटचा दिन ४ फेब्रुवारीला साजरा होतो आणि ती तारीख कोणत्याही इंग्रजी हुकूमनाम्यातून आलेली नसून १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला त्या घटनेशी जोडलेली आहे. अशा दिवशी माजी सैनिक आपल्या पलटणीत परत येतात, शहीद सैनिकांच्या पत्नींचा, म्हणजे वीरनारींचा, सन्मान होतो, स्मारकाला पुष्पचक्र वाहिले जाते आणि नंतर ‘बडा खाना’ होतो, म्हणजे अधिकारी व जवान एकत्र बसून जेवतात. रेजिमेंटच्या संग्रहालयातील गणवेश आणि पदके नव्या रंगरुटाला, म्हणजे शिकाऊ जवानाला, वाचून समजत नाहीत. ती त्याला समजतात याच दिवशी, कारण ती पदके ज्यांच्या परंपरेत मिळाली ते म्हातारे हवालदार आणि सुभेदार त्याच्या शेजारी उभे असतात.

सर्वसामान्य माणसासाठी मात्र अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय अधिक मोकळे ठरले. पूर्वीच्या अहमदनगर येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या रणगाडा दलाच्या प्रशिक्षण संस्थेने ते उभारले आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी, जे स्वतः रणगाडा दलाचे होते, त्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश, जर्मन आणि जपानी वाहनांपर्यंत आणि १९६५ च्या युद्धात हाती लागलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत सुमारे पन्नास वाहने येथे उघड्यावर मांडलेली आहेत. यंत्रांचे हे प्रदर्शन पाहताना पाहणारा नकळत पोलादाची जाडी आणि तोफेचा व्यास यांतच गुंततो, ही अशा संग्रहालयांची नेहमीची उणीव आहे. ती उणीव भरून काढणारा एक रणगाडा संस्थेच्या जतनात आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीजवळच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांनी ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियन रणगाड्यातून लढताना, रणगाडा पेटलेला असूनही बाहेर पडण्याचा आदेश नाकारला आणि तोफ चालते आहे तोवर ते लढत राहिले. पुण्यात जन्मलेल्या या २१ वर्षांच्या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांची रेजिमेंट होती पूना हॉर्स, म्हणजे १८१८ मध्ये कोरेगावला लढलेल्या त्या पुण्याच्या घोडदळाची वारसदार.

पुण्याच्या घोरपडी भागातील, दक्षिण कमांडच्या देखरेखीखालील राष्ट्रीय युद्धस्मारकाचे वेगळेपण असे की ते नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले. कारगिलच्या युद्धात वापरले गेलेले मिग-२३ विमान आणि आयएनएस त्रिशूल या युद्धनौकेची प्रतिकृती तेथे आहे. १६ डिसेंबरचा विजय दिवस आणि २६ जुलैचा कारगिल विजय दिवस तेथे पाळला जातो. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो आणि १४ जानेवारी हा अलीकडे माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. १९५३ मध्ये त्याच तारखेला फील्ड मार्शल करिअप्पा सेवानिवृत्त झाले होते. एवढे दिवस असूनही या कार्यक्रमांत माजी सैनिक बहुतेक वेळा शाल-श्रीफळाचा मानकरी असतो, सांगणारा क्वचितच असतो. पदक आणि तोफ जपली जाते, शिपायाचा अनुभव मात्र त्याच्याबरोबर जातो. १९७१ मध्ये विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. दापोलीच्या पेन्शनरांनी आपल्या पूर्वजांची सेवा स्वतः लिहून काढली नसती, तर कोरेगावच्या स्तंभावरील नावे केवळ एका परक्या कंपनीची नोंद राहिली असती. गावागावांतील माजी सैनिक संघटना, शाळा, ग्रामपंचायती आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये यांनी हयात सैनिकांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत नोंदवून घ्याव्यात आणि ज्या शिळांवर केवळ आकडे आहेत तेथील नावे घराघरांतून शोधून त्या शिळेशेजारी लावावीत. हे काम पुढच्या दहा वर्षांत झाले नाही, तर ते करता येणारच नाही.