फिल्मवरून व्हिडिओ: कृत्रिम रेखीवपणाचा इतिहास

चित्र कृत्रिमरीत्या रेखीव करण्याची युक्ती मुळात छायाचित्रकारांच्या डार्करूममधली आहे. मूळ निगेटिव्हवर तिचीच एक अंधूक प्रत बसवून छपाई केली, की कडा उठून दिसत. ‘अनशार्प मास्क’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत पुढे इलेक्ट्रॉनिक रूपात फिल्मचे व्हिडिओत रूपांतर करणाऱ्या टेलिसिने यंत्रांत आली. त्यात कडेची गडद बाजू अधिक गडद आणि उजळ बाजू अधिक उजळ केली जाते. नवा तपशील काहीच मिळत नाही, फक्त डोळ्याला चित्र स्पष्ट झाल्यासारखे वाटते. मात्रा वाढली, की कडेला समांतर पांढरी रेघ उमटते. तिला ‘हेलो’ म्हणतात.

१९७६ साली जपानमध्ये आलेल्या व्हीएचएस कॅसेटवर आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकाच तपशील मावत असे. त्यामुळे कडा ठळक करणे ही त्या काळची गरजच होती. लहान पडद्याच्या, काचेच्या नळीच्या टीव्हीवर हेलो फारसा जाणवत नसे.

डीव्हीडी १९९६ मध्ये जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली. अमेरिकी प्रमाणानुसार तिचे चित्र ७२० बाय ४८० बिंदूंचे होते. तरीही सुरुवातीच्या अनेक डिस्क कॅसेट किंवा लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या मास्टरवरूनच, म्हणजे प्रती काढण्यासाठीच्या मूळ व्हिडिओवरूनच, निघाल्या. त्यातच प्रोजेक्टर आणि मोठे टीव्ही घरात येऊ लागले आणि लपून राहिलेला दोष उघडा पडला. २००१ साली निघालेल्या ‘स्टार वॉर्स: द फँटम मेनेस’च्या डीव्हीडीवर याच कारणाने बरीच टीका झाली.

२००६ मध्ये आलेल्या ब्लू-रेमुळे १९२० बाय १०८० बिंदूंचे चित्र मिळू लागले, पण त्याबरोबर दुसरा दोष बळावला. फिल्मवरचे चित्र कणांचेच बनलेले असते. हे कण म्हणजे ‘नॉइज’ समजून संगणकाने पुसले, की त्वचेची छिद्रे आणि कापडाची वीणही पुसली जाते. मग हरवलेला रेखीवपणा भरून काढण्यासाठी पुन्हा कडा ठळक केल्या जात. मोठ्या ६५ मिमी फिल्मवर चित्रित झालेल्या ‘पॅटन’ची २००८ ची डिस्क अशी गुळगुळीत निघाली, तर ‘प्रेडेटर’च्या २०१० च्या डिस्कवरील चेहरे मेणाचे वाटले. ‘ग्लॅडिएटर’च्या २००९ च्या आवृत्तीत आरंभीच्या लढाईतले काही उडते बाण कचरा समजून पुसले गेले. मास्टरमध्ये मुरलेला दोष प्रेक्षकाला टीव्हीचे बटण फिरवून काढता येत नाही. त्यामुळे ‘ग्लॅडिएटर’ २०१० मध्ये आणि ‘पॅटन’ २०१२ मध्ये सुधारून पुन्हा काढावे लागले.

मूळ निगेटिव्ह थेट उच्च क्षमतेने स्कॅन करण्याची पद्धत रुळल्यावर कडा ठळक करण्याची गरज ओसरली. २०१६ पासून ४के डिस्क मिळू लागल्या, त्यांतल्या अनेकांवर फिल्मचे कण जसेच्या तसे राखलेले असतात. २०२४ मध्ये डिस्कवर आलेल्या ‘एलियन्स’, ‘द अ‍ॅबिस’ आणि ‘ट्रू लाइज’ यांनी मात्र वाद नव्याने पेटवला. त्यांच्या चित्रावर यंत्रशिक्षणावर आधारित प्रक्रिया झाली होती. अशी प्रक्रिया असंख्य नमुन्यांवरून शिकून गहाळ तपशिलाचा अंदाज बांधते आणि तो चित्रात भरते. जुनी रीत निदान फिल्मवर असलेल्याच कडा वाढवून दाखवत होती. नव्या रीतीत फिल्मवर कधी नव्हताच असा तपशीलही चित्रात येऊ शकतो.