सात बल्ब, एक मासिक आणि आयएसओ ३५३३

१९९५ सालचं साहित्याचं इग नोबेल मिळालं डेव्हिड बुश आणि जेम्स स्टारलिंग या अमेरिकेतल्या मॅडिसन, विस्कॉन्सिनच्या जोडगोळीला. कशासाठी? तर 'सर्जरी' नावाच्या जर्नलमध्ये १९८६ साली छापून आलेल्या एका पेपरसाठी. विषय, गुदाशयात अडकलेल्या वस्तू. या दोघांनी आपल्या पेशंट्सच्या हकीकती दिल्याच, शिवाय तोवर जगभरात याबद्दल जे काही छापून आलं होतं ते सगळं चाळून काढलं. त्यातली यादी पारितोषिकाच्या घोषणेत वाचून दाखवली होती. सात विजेचे बल्ब, चाकूला धार लावायचं साधन, दोन टॉर्च, एक स्प्रिंग, तपकिरीची डबी, बटाट्याचं बूच लावलेला तेलाचा डबा, सोनाराची करवत, गोठवलेली डुकराची शेपटी, पत्र्याचा कप, बिअरचा ग्लास... आणि एका महाभागाकडे तर अख्खा सेट. चष्मा, सुटकेसची किल्ली, तंबाखूची पिशवी आणि एक मासिक. (कुठलं मासिक ते घोषणेत नाही.)

हसून झालं? आता हीच यादी एखाद्या टेस्टरच्या नजरेने परत वाचा. यातली एकही वस्तू या कामासाठी बनवलेली नाही. सगळा माल स्वयंपाकघरातला, गॅरेजमधला किंवा खिशातला. म्हणजे गरज होती, वापरणारी माणसं होती, अपघात तर होतेच होते. नव्हतं ते प्रॉडक्ट. आणि जिथे प्रॉडक्ट होतं तिथे स्पेसिफिकेशन नव्हतं.

स्पेसिफिकेशन तरी काय अवघड आहे? थोडं शरीरशास्त्र बघू. योनीचा रस्ता वरच्या टोकाला गर्भाशयाच्या मुखाशी बंद होतो, त्यामुळे तिथे एखादी वस्तू 'हरवून पोटात जाते' ही निव्वळ दंतकथा आहे. गुदाशयाचं तसं नाही. तो पुढे मोठ्या आतड्यालाच जोडलेला आहे, आणि दाराशी जे गोल स्नायू आहेत ते वस्तू आत गेली की मागून मिटतात. वस्तू गुळगुळीत आणि मोठी असेल, बाटलीसारखी, तर बाहेर ओढताना वरच्या बाजूला व्हॅक्युम तयार होतो. म्हणून कधी कधी डॉक्टर बाजूने एक बारीक नळी सरकवून आधी हवा आत जाऊ देतात आणि मग वस्तू काढतात. एवढं कळलं की डिझाइनची अट एका ओळीत लिहिता येते: बुडाशी पसरट, वाकून आत जाणार नाही असा भाग हवा. बस्स. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही हे ड्रॉइंग काढून देईल.

ही एक ओळ आंतरराष्ट्रीय मानकात यायला २०२१ साल उजाडावं लागलं. का, ते बघायचं तर शंभरेक वर्षं मागे जायला हवं.

त्याआधी एक वेताळ खांद्यावरून उतरवू. 'व्हिक्टोरियन काळातले डॉक्टर हिस्टेरियाच्या बायकांवर उपचार करून दमत, म्हणून त्यांनी व्हायब्रेटर शोधला' ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेलच. रेचल मेन्स यांच्या १९९९ सालच्या पुस्तकाने ती पसरवली, २०११ मध्ये त्यावर 'हिस्टेरिया' नावाचा सिनेमाही निघाला. २०१८ साली हॅली लीबरमन आणि एरिक शॅट्झबर्ग या दोघांनी एक अत्यंत कंटाळवाणं पण थोर काम केलं. त्या पुस्तकातले संदर्भ एकेक करून मुळातून तपासले. त्या गोष्टीला आधार देणारा एकही पुरावा त्यांना सापडला नाही. जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल या ब्रिटिश डॉक्टरने १८८० च्या दशकात विजेवर चालणारं कंपनयंत्र बनवलं हे खरं, पण ते मुख्यत्वे पुरुषांच्या दुखण्यांसाठी. आपण बायकांवर हे यंत्र वापरायचं टाळतो असं त्याने स्वतःच १८८३ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय! एकोणीस वर्षं जवळपास कुणीच मूळ कागद उघडून बघितला नाही. कोड रिव्ह्यू न करता 'एलजीटीएम' ठोकणाऱ्यांनी इथे दोन मिनिटं शांतता पाळावी :)

खरा इतिहास जास्त साधा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही यंत्रं अमेरिकेत राजरोस घरगुती उपकरण म्हणून विकली जात. पाठदुखी, डोकेदुखी, सुरकुत्या, कशावरही चालतं म्हणून जाहिराती असत. दुसरा उपयोग उघड लिहायची सोय नव्हती. लिहिला की वस्तू अश्लील, आणि अश्लील वस्तू पोस्टाने पाठवणं तिथे १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गुन्हा. त्यामुळे वस्तू खरी पण लेबल खोटं, अशी सवय या धंद्याला पहिल्यापासून लागली.

मटेरियलचा प्रश्न मात्र एका माणसाने सोडवला, आणि तो माणूस मला फार आवडतो. गॉसनेल डंकन. मूळचा ग्रेनाडा या कॅरिबियन बेटाचा, अमेरिकेत कामाला. १९६५ साली अपघातात कमरेखालचं शरीर लुळं पडलं. अपंगांच्या लैंगिक आयुष्याबद्दल तेव्हा कुणी बोलत नव्हतं. बाजारात मिळणाऱ्या वस्तू रबराच्या नाहीतर पीव्हीसीच्या, वास धरणाऱ्या, उकळून साफ करायची सोय नाही. डंकनने जनरल इलेक्ट्रिकच्या एका केमिस्टशी पत्रव्यवहार करून सिलिकोनचा नाद धरला. सिलिकोनला छिद्रं नसतात, ते उकळत्या पाण्यात टिकतं, कातडीला त्रास देत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, घराच्या तळघरात, त्याने साचे ओतायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्येच १९७४ साली डेल विल्यम्स या बाईंनी 'ईव्ह्ज गार्डन' हे बायकांसाठीचं दुकान सुरू केलं होतं. डंकनचा माल तिथून खपला. आज चांगल्या प्रतीची सेक्स टॉईज सिलिकोनची असतात ती वाट या माणसाने पाडली. युजर स्वतःच डेव्हलपर असला की असं होतं.

पण स्वस्त माल पीव्हीसीचाच राहिला, आणि पीव्हीसी मऊ करायला त्यात थॅलेट नावाची रसायनं घालतात. ती प्लॅस्टिकला घट्ट चिकटून राहत नाहीत, हळूहळू बाहेर पाझरतात. त्यातली काही शरीराच्या हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतात. म्हणून युरोपने २००५ साली आणि अमेरिकेने २००८ साली लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांच्यावर कडक मर्यादा घातल्या. मोठ्यांच्या खेळण्यांचं काय? २००६ मध्ये नेदरलँड्सच्या ग्रीनपीसने आठ नमुने तपासून घेतले. सातांत थॅलेट, वजनाच्या २४ ते ५१ टक्के. म्हणजे काही वस्तू निम्म्या थॅलेटच्याच! आणि हे सगळं नियमात बसत होतं, कारण खोक्यावर लिहिलेलं असायचं 'फक्त गंमत म्हणून, शरीरावर वापरासाठी नाही'. आम्ही सॉफ्टवेअरवाले लायसन्समध्ये 'ॲज इज' लिहून हात झटकतो, तो प्रकार यापुढे काहीच नाही. टेक्सासमध्ये तर २००८ साली कोर्टाने तिथला बंदीचा कायदा रद्द करेपर्यंत दुकानदार या वस्तू 'शैक्षणिक मॉडेल' म्हणून विकत.

शेवटी स्वीडनने पुढाकार घेतला. असे अपघात ऑपरेशन टेबलावर बघून वैतागलेल्या एका सर्जनच्या प्रस्तावातून काम सुरू झालं. समिती बसली, आणि २०२१ मध्ये आयएसओ ३५३३ प्रसिद्ध झालं. मटेरियल, डिझाइन, वापरणाऱ्याला द्यायची माहिती, सगळं त्यात आलं. बुडाशी पसरट भाग हवा हेही आलं. मात्र हे मानक ऐच्छिक आहे, पाळलंच पाहिजे असं नाही.

आता अपघाताकडे. डॉक्टरांच्या लिखाणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. माणसं उशिरा येतात. काही तास नव्हे, काही वेळा काही दिवस. तोवर घरच्या घरी चिमटा, चमचा, एनिमा, जुलाबाचं औषध सगळं करून झालेलं असतं, आणि आतड्याला इजा कधी कधी त्यातून किंवा त्या उशिरातूनही होते. आणि आल्यावरही 'बाथरूममध्ये घसरून पडलो' हे असतंच.

आपल्याकडे या लाजेला कायद्याचंही बळ होतं. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. १९३४ च्या खटल्यात त्यांचा गुन्हा काय होता? हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी शांतपणे उत्तरं दिली. वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरीही केस हरले, दंड दोनशे रुपये. असे प्रश्न विचारायचीच चोरी असेल तर रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीच्या काउंटरवर कोण काय बोलणार?

म्हणून इथेच लिहून ठेवतो. वस्तू मागच्या बाजूने अडकली आणि सैल सोडून, उकिडवं बसून, हलका जोर देऊन आली नाही, तर खटपट थांबवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. चिमटे नकोत, एनिमा नको, भूल द्यावी लागू शकते म्हणून खाणंपिणं नको. पोटात दुखतंय, ताप आहे, रक्त जातंय, तर एक मिनिटही थांबू नका. तिथे खरं सांगा: काय आहे, केवढं आहे, कशाचं आहे, कधीपासून आहे, आत सेल आहे का. एक्स-रेत मऊ प्लॅस्टिक नीट दिसेलच असं नाही, त्यामुळे तुमचं वाक्य हाच डॉक्टरांचा रिपोर्ट. बहुतेक वेळा पोट न फाडता खालूनच काढतात, आणि नंतर दुर्बिणीने आतली इजा तपासतात. योनीत काही राहिलं, समजा निसटलेला काँडम, तर उकिडवं बसून स्वच्छ दोन बोटांनी निघतो. नाही निघाला तर गायनॅक. गर्भ राहायचा धोका असेल तर इमर्जन्सी गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. लिंगावरची रिंग अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवायची नाही, धातूची तर वापरायचीच नाही. सूज येऊन निघेना, बधिर किंवा निळं पडलं, तर ताबडतोब कॅज्युअल्टी. आणि आपल्या घराघरात असलेलं खोबरेल तेल लेटेक्सच्या काँडमबरोबर वापरू नका, काँडम फाटतो.

कायद्याचं म्हणाल तर पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम २९२, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९४, अश्लील वस्तूंच्या विक्रीबद्दल आहे. त्यात 'सेक्स टॉय' हा शब्दच नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. कस्टमने परदेशातून आलेले बॉडी मसाजर जप्त केले होते, कारण काय, तर ते सेक्स टॉय म्हणूनही वापरता येतील. हे अधिकाऱ्याच्या कल्पनेतलं आहे, असे मसाजर देशात खुलेआम विकले जातात, असं म्हणत न्यायालयाने कस्टमचं अपील फेटाळलं. मसाजर सुटले.

निकाल योग्यच. पण लहान मुलाच्या खुळखुळ्याला १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि त्यात थॅलेट किती चालतं याचं भारतीय मानकही आहे. सुटलेला मसाजर कागदोपत्री पाठ चोळायचं यंत्र आहे. पाठ चोळायच्या यंत्राला आयएसओ ३५३३ कोण विचारणार?